आईवडिलांबरोबरचा बाजार : अनुभव धागा

लहानपणी आईचे बोट धरून किंवा वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून बाजारात गेलेल्या सर्वांसाठी हा धागा आहे. घरात न दिसणारे आईवडील आपल्यापैकी अनेकांना बाजारातच पहिल्यांदा दिसले असतील, असे मला वाटते. म्हणून बाजाराच्या वर्णनाबरोबरच ते तेथे कसे वागत, हेही आवर्जून लिहावे. सुरुवात मी करते.

आमचा बाजार म्हणजे पुण्याची मंडई. मधोमध उंच मनोरा असलेली ही दगडी इमारत १८८६ साली सुरू झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. आणि नगरपालिकेचे सभासद असताना ज्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला, त्या जोतीराव फुल्यांचेच नाव तिला पुढे मिळाले, हे मला आईनेच सांगितले. गाळेवाले उंच ओट्यावर बसलेले आणि आम्ही खाली उभ्या. तरीही, घरी आजोबांसमोर कधी आवाज न चढवणारी माझी आई तेथे मेथीची जुडी उलटून आतले देठ पाही, भाव पटला नाही तर शांतपणे पुढे चालू लागे, आणि चार पावलांवर तिला मागून हाक येईच. त्या हाकेची वाट पाहताना माझा श्वास अडकत असे.

म्हापशाहून : आमचा शुक्रवारचा बाजार खरा रंगे तो एप्रिल-मे महिन्यांत, पुरुमेंताच्या खरेदीला. पावसाळ्यात मासेमारी बंद राहते, म्हणून खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), सोले (आमसुले), मिरच्या आणि कांद्याच्या माळा असे सगळे आधीच घरात भरून ठेवायचे. बाबा एरवी मितभाषी. परंतु मयड्याची केळी घेताना विक्रेतीच्या घरची, शेताची, लेकीच्या लग्नाची चौकशी झाल्याशिवाय ते पैशांना हात घालत नसत.

बडोद्याहून : सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या खंडेराव मार्केटात आई भाजीवाल्यांशी गुजरातीत बोले आणि 'महाग सांगतोय' हे मला मराठीत. त्यांना मराठी उत्तम समजे, आणि ते तिलाही ठाऊक होते.

सोलापूर जिल्ह्यातून : वरचे अनुभव घेणाऱ्यांचे आहेत, मी विकणाऱ्याचा मुलगा. आठवडी बाजारात पहाटेच जागा धरून दादा पोते अंथरत आणि त्यावर वांगी, गवार, दोडके मांडत. भवानी होईपर्यंत ते चहा घेत नसत. पहिले पैसे कपाळाला लावूनच खिशात जात. ऊन चढले की कोथिंबीर माना टाकी, भाव उतरे, आणि संध्याकाळी उरलेल्या मालाचे वाटे लावून मिळेल त्या किमतीला ते द्यावे लागत, कारण परत नेऊन उपयोग नव्हता. पुढे निघालेल्या गिऱ्हाइकाला हाक मारण्याचे काम माझे असे. मुलाने हाक मारली की माणूस वळतो, असे दादा म्हणत. स्वतः मात्र ते कधी हाक मारीत नसत, कारण आपण पिकवलेल्या मालासाठी आर्जव करणे त्यांना जमत नव्हते.

धागाकर्ती : ओट्याच्या त्या बाजूचे हे मी कधी ऐकलेच नव्हते. ज्यांच्या घरी बाजार म्हणजे विक्री होती, त्यांनी कृपया अधिक सविस्तर लिहावे.