पणजीच्या खरेदीखतात "मयत पतीचे देणे" का लिहिलंय?

कृष्णाकाठ:
आईच्या ट्रंकेत पणजीचं 1949 चं खरेदीखत सापडलं. कागद घड्यांवर फाटलाय, शाई तपकिरी पडलीय. पणजोबा 1938 साली वारले. भावांपासून आधीच वेगळे निघालेले, मुलगा नाही, एकच मुलगी, म्हणजे माझी आजी. जमीन पणजीच्या नावावर झाली. त्यातली दोन एकर विकताना तिने लिहून दिलंय, "मयत पतीचे देणे व मुलीचे लग्नाचे कर्ज फेडणेकरिता". खाली आजीचा अंगठा, "संमती" म्हणून. आजी तेव्हा वीस वर्षांची, सासरी नांदत होती. आपलीच जमीन विकायला पणजीने कारणं का द्यायची? आणि लेकीची संमती कशाला? वाचल्यापासून जीवाला लागून राहिलंय.

जुनं दप्तर:
ताई, जमीन नावावर होती, मालकी पुरी नव्हती. नवऱ्याकडून आलेल्या मिळकतीवर विधवेचा हक्क हयातीपुरता. उत्पन्न तिने खावं. विकायचं तर "कायदेशीर गरज" दाखवावी लागे : नवऱ्याचं कर्ज, त्याचं श्राद्ध, मुलीचं लग्न, सरकारी सारा, स्वतःचं पोट. नाहीतर ती गेल्यावर पुढचा वारस दावा लावून जमीन परत मागे. म्हणून घेणाराच ही कारणं खतात घालून घ्यायचा. वकिलीत अशी खतं मी ढिगाने वाचली, प्रत्येक वेळी वाईट वाटलं. 1937 च्या कायद्याने मुलगे असले तरी विधवेला वाटा मिळू लागला, पण तोही हयातीपुरताच.

ओसरी:
अंगठ्याचं कारणही तेच. पणजीच्या पश्चात जमीन दिरांकडे नाही, तुमच्या आजीकडे जायची होती. तिचीच संमती असली की गरज खरी होती असं कोर्ट सहसा धरून चाले. आपल्या मुंबई इलाख्यात तर वडिलांची मिळकत मुलीकडे आली की पूर्ण मालकीने येई. बायकोला मात्र ती तशी मिळत नसे!
बाकीची मिळकत 17 जून 1956 ला पणजीच्या ताब्यात होती का, ते बघा. त्या दिवशी हिंदू वारसा कायदा आला, आणि कलम 14 मुळे अशा बायका पूर्ण मालकीण झाल्या.

कृष्णाकाठ:
घर शेवटपर्यंत तिच्याच ताब्यात होतं! मघाशी ट्रंक पुन्हा उपसली. तळाशी 1959 चं बक्षीसपत्र निघालं, घर आजीला दिल्याचं. त्यात देणं नाही, कर्ज नाही, कुणाची संमती नाही. "मुलीवरील प्रेमापोटी" एवढंच. खाली पणजीचा अंगठा, जरा तिरका उमटलेला.