आधी नागमोडी रेषा दिसणारी अर्धशिशी, वय ३६ : कोणतं गर्भनिरोधक चालेल?

मैत्रिणींनो, जरा सल्ला हवाय. एक मूल आहे, दुसरं नको हे पक्कं आहे, पण ऑपरेशन इतक्यात करायचं नाही. (नवऱ्याच्या नसबंदीवर घरात भरपूर चर्चा झाली आहे, तो विषय कृपया नको.)

मला अर्धशिशी आहे आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चकाकत्या नागमोडी रेषा येतात. हे ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या तिथल्या तिथे बाद केल्या. अशा अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. अंगावर चिकटवायचा पॅच आणि योनीमार्गात ठेवायची रिंग यांतही इस्ट्रोजेन असतं, म्हणून तेही त्याच कारणाने गेले. इथवर समजलं.

आता उरलं ते फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेलं: रोजची गोळी, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी, नाहीतर गर्भाशयात बसवायचं साधन. माझा कल गोळीकडे आहे, कारण नको वाटली तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते. पण माझी ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. यातल्या जुन्या प्रकारच्या गोळीला तीन तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही म्हणे. इंजेक्शनने हाडांची घनता कमी होते आणि वजनही वाढू शकतं, म्हणून ते नकोसं वाटतं. साधन बसवताना किती दुखतं? पाळीचं काय होतं?

ब्लडप्रेशर ठीक आहे, सिगारेट नाही. अर्धशिशीसाठी टोपिरामेट चालू आहे, ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिली आहे.

प्रतिसाद १
शेवटचं वाक्य आधी लिहायला हवं होतंस गं! टोपिरामेटमुळे शरीरात ही हार्मोन्स लवकर मोडली जातात, त्यामुळे गोळी आणि कांडी दोन्हींचा भरवसा कमी होतो. शिवाय टोपिरामेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणजे तुला पक्कंच काहीतरी हवं. गर्भाशयातल्या साधनाला ही अडचण नाही, त्याचा परिणाम मुख्यतः जागेवरच होतो. हार्मोनच नको असेल तर तांबी आहे, फक्त तिने पाळीत अंगावरून जास्त जातं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत आहेत का, हे आधी बघ. आणि टोपिरामेट मनाने बंद करू नकोस.

प्रतिसाद २
मी हार्मोनचं साधन बसवलंय. बसवताना काही क्षण जोराची कळ आली, मग दिवसभर पाळीसारखं दुखलं. काहींना फारसं जाणवत नाही, काहींना खूप दुखतं. भूल देता का, असं आधीच विचार, लाजू नकोस. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, याची मात्र तयारी ठेव. नंतर पाळी हलकी होते, काहींची थांबतेच. त्याने अपाय होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
टोपिरामेटचं स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलंही नव्हतं. उद्याच फोन करते. पण पाळीच थांबली तर गर्भ राहिल्याचं कळणार कसं?

प्रतिसाद १
शंका आली की घरीच लघवीची चाचणी करायची, या हार्मोनने तिचा निकाल बदलत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. साधन असताना गर्भ क्वचितच राहतो, पण राहिलाच तर तो गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असण्याची शक्यता जास्त असते.