संरक्षणाच्या पैशाचा हिशेब मागायचा की नाही?

तापीकाठ (धागा)
काल ग्रुपवर फिरत होतं: 'सैन्याच्या पैशाचा हिशेब मागतो तो देशद्रोही.' डोकं फिरलं म्हणून लिहितोय. २०२४-२५ ला संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी, म्हणजे नवी शस्त्रं-विमानं घ्यायला, १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आले. पैसा होता, वापरताच आला नाही. २०२५-२६ ला संरक्षणाला एकूण ६ लाख ८१ हजार कोटी, त्यात १ लाख ६० हजार कोटींवर पेन्शन. मग 'पैसा कमी पडतो' हे रडगाणं कशाला?

फौजी नाना, धुळे
पेन्शनकडे बोट दाखवू नका. बर्फमा उभं राहीसन दखा, मंग बोला!

तापीकाठ
नाना, पेन्शनला उधळपट्टी कुठे म्हटलंय? परत वाचा.

फौजी नाना, धुळे
वाचलं. 'रडगाणं' बी वाचलं.

केळीबाग, रावेर
खरेदी अडते ती लाचखोरीच्या आरोपाच्या भीतीपोटी. बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार १९८६ चा, त्यानंतर तीसेक वर्षं परदेशी तोफेचं नाव काढायची कोणाची छाती झाली नाही. ऑगस्टाची १२ हेलिकॉप्टरं २०१० ला ठरली, २०१४ ला करार रद्द. फाइलवर सही करणारा आधी स्वतःची कातडी बघतो. बाकी आपले सरकारी दारूगोळा कारखाने काय कमी आहेत? ऑर्डर ठरलेली, मग दर्जा कोण विचारतो?

वरणगावकर
आलात ना कारखान्यावर! १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. वरणगावचा कारखाना एका कंपनीत, शेजारचा भुसावळचा दुसरीत. सात संचालक मंडळं झाली, यात कोणाचा पैसा वाचला ते सांगा.

केळीबाग, रावेर
२०२० ला पेपरात होतं, सदोष दारूगोळ्यापायी सहा वर्षांत ९६० कोटी पाण्यात. सैन्याचाच अंतर्गत अहवाल म्हणे. मक्तेदारीचं फळ.

वरणगावकर
'म्हणे'! माझ्या वडिलांची हयात कारखान्यात बंदुकीच्या दारूच्या वासात गेली. बोटं गमावलेली माणसं आमच्या कॉलनीत आहेत. केळीचा विमा मागताना सरकार गोड, आमचा पगार तेवढा मक्तेदारी?

केळीबाग, रावेर
विमा फुकट मिळत नाही, हप्ता भरतो आम्ही! वादळात बाग आडवी झाली की पंचनाम्याला माणूस येईपर्यंत घड सडतात. तुमचा पगार एक तारखेला.

वरणगावकर
आणि स्फोट झाला की माणूस जातो, घड नाही.

अमळनेरची ताई
भांडा तुम्ही दोघं. पाडळसरे धरण नव्वदच्या दशकापासून रखडलंय. काम लांबवून खर्च कसा फुगवतात ते बघायला दिल्लीला कशाला जायचं?

तापीकाठ
ताई, तेच म्हणतोय! ८३ तेजस लढाऊ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, ती मार्च २०२४ पासून मिळायची होती. अमेरिकेची इंजिनं वेळेत आली नाहीत. म्हणून जुनं मिग-२१ सप्टेंबर २०२५ पर्यंत ओढावं लागलं. या उशिराची किंमत अर्थसंकल्पात कुठल्या रकान्यात दिसते?

फौजी नाना, धुळे
हे मात्र कबूल. पेपर वाचतोस म्हणायचा. पण रडगाणं मागे घे.

तापीकाठ
घेतलं. ते मंत्रालयातल्या बाबूंसाठी होतं.

वरणगावकर
मग केळीबागेनेही मक्तेदारी मागे घ्यावी.

केळीबाग, रावेर
दर्जा तपासणीचे आकडे टाका इथे, लगेच घेतो.