खुर्च्यांचं गणित

बी २०४: सोसायटीच्या कार्यक्रमासाठी २४० खुर्च्या आहेत. पुढची ओळ १२ची, मग मागे प्रत्येक ओळीत २ वाढवत जाऊ. ओळी किती होतील? खडूने खुणा करून ठेवायच्यात.

ए ६०१: २४० भागिले १२. वीस. झालं!

सी ४०३: काका, ओळ वाढत चाललीय ना, मग वीस कशा होतील? ही सरळ अंकगणिती श्रेढी आहे, म्हणजे दर वेळी तेवढीच वाढ. १० ओळी धरून बघा. पहिलीत १२, दहावीत ३०, बेरीज ४२. पहिली-दहावी, दुसरी-नववी अशा ५ जोड्या, म्हणजे २१०. उरल्या ३०. अकराव्या ओळीला ३२ लागतात.

बी २०४: दोनच कमी पडतात होय! मागवू का?

सी ४०३: कशाला? शेवटच्या ओळीची दोन्ही टोकं एकेकाने कमी करा. कोण मोजायला बसलंय.

ए ६०१: आम्हाला दहावीत सूत्र होतं. एन, डी, काहीतरी. पार विसरलो 😄

सी ४०३: पहिलं आणि शेवटचं पद, म्हणजे इथे पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा आकडा, कळलं की सूत्राची गरजच नाही. फक्त एक सांभाळा: १० ओळींत वाढ ९ वेळाच होते. लोक १२ मध्ये २० मिळवून ३२ करतात आणि पुढचं सगळं फसतं. बाकी बेरजेवरून पदं किती ते काढायची रीत आर्यभटाने ४९९ सालीच श्लोकात देऊन ठेवलीय.

डी १०२: ताई, विषय निघालाच आहे तर विचारते. मुलीला १५ दिवसांत ३६० गणितं संपवायचीत. रोज २ वाढवणार म्हणते. पहिल्या दिवशी किती?

सी ४०३: मधून सुरू करा. ३६० भागिले १५, २४. ही रोजची सरासरी, आणि वाढ एकसारखी असल्याने तीच मधल्या, म्हणजे आठव्या दिवसाची. त्याच्या मागे ७ दिवस, म्हणून १४ वजा, पहिल्या दिवशी १०. शेवटच्या दिवशी मात्र ३८ येतात! परीक्षेच्या तोंडावर ३८ गणितं कोण सोडवणार? मी तर उलटं करीन. फरक १चा ठेवून ३१ पासून उतरत १७ वर यायचं. बेरीज तीच.

डी १०२: आणि १६ दिवस मिळाले तर? मधला दिवस कुठला धरायचा?

सी ४०३: सरासरी साडेबावीस. फरक १ धरला तर मधल्या दोन दिवशी २२ आणि २३ गणितं, म्हणजे पहिल्या दिवशी १५ ते शेवटच्या दिवशी ३०. तिथे फरक २ घेऊ नका, रोजच्या आकड्यात अर्धं गणित येईल 😀

ई ३०१: मेंटेनन्स दरवर्षी १० टक्के वाढवायचं ठरलं तर तेही असंच मोजायचं का?

सी ४०३: नाही हो. १००चे ११०, मग १२१. वाढ आधी १०, नंतर ११. फरक एकसारखा राहत नाही, दरवर्षी १.१ने गुणावं लागतं.

ई ३०१: म्हणजे पाच वर्षांत ५० टक्के नाही?

सी ४०३: ६१. सभेत हात वर करण्याआधी एवढं बघा.