तसल्या सीडीचं भाडं पाचपट का असायचं? आणि आता फुकट असून लोक पैसे का देतात?

कृष्णाकाठचा_बीकॉम
विषय जरा चावट आहे पण प्रश्न शुद्ध धंद्याचा आहे, ॲडमिननी लगेच कुलूप लावू नये.
२००३ ला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा विश्रामबागला एका सीडी लायब्ररीत संध्याकाळचा बसायचो. साध्या पिच्चरला दिवसाला १० रुपये भाडं, ओळखीचा असला तर डिपॉझिट पण नाही. काउंटरच्या खालच्या खणात तसल्या सीडी असायच्या त्याला ५० भाडं आणि वर २०० डिपॉझिट, सख्खा भाऊ आला तरी. मालकाला विचारलं की सीडी तीच, कव्हर पण नाही, मग पाचपट कशाला, तर म्हणाला "घासाघीस करायला तोंड वर करावं लागतं, इथं कोण करतंय".
आता फोनवर सगळं फुकट पडलंय. तरी ओन्लीफॅन्सवर (म्हणजे ज्या साईटवर आपले असले फोटो-व्हिडिओ थेट गिऱ्हाइकाला विकता येतात) लोक एका माणसाच्या पानाला महिन्याला ५ पासून ५० डॉलरपर्यंत देतात म्हणे. माल फुकट मिळत असताना भाव शून्यावर का येत नाही? आणि आपल्याकडच्या ओटीटीसारखं ४९ रुपयात का नाही?

भडंग_खाणारा
प्रश्न "मित्रासाठी" विचारलाय ना भावा 😄

मिरजेचा_संत्या
मी पुण्यात पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन कार्डाचे पैसे दुकानदारापर्यंत पोचवणाऱ्या) कंपनीत आहे म्हणून एक बाजू सांगतो जी लोकांना दिसत नाही. साध्या दुकानाला कार्डवर २-३ टक्के कटतात. ॲडल्ट साईटला हेच १० ते १५ टक्क्यांपर्यंत जातं, आणि शिवाय त्यांचे थोडे पैसे बँक काही महिने अडकवून ठेवते. कारण एकच, चार्जबॅक. म्हणजे नवरोबा रात्री कार्ड घासतात, महिन्याअखेर स्टेटमेंट बायकोच्या हातात पडतं, आणि हे शपथेवर सांगतात की हे मी केलंच नाही, कार्ड चोरीला गेलं असणार. बँक पैसे परत फिरवते आणि दुकानदाराला वर दंड. शंभर व्यवहारांत एकाच्या आसपास असं व्हायला लागलं की कार्ड कंपनी सरळ दार बंद करायला बघते. हा सगळा खोटेपणाचा खर्च शेवटी प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या भावात येऊन बसतो, म्हणून ४९ रुपयात परवडतच नाही, व्यवहार छोटा असला तरी भांडण निस्तरायचा खर्च तेवढाच. ओन्लीफॅन्सवर पैसे घेऊन पान चालवायचं तर कमीत कमी ४.९९ डॉलर, म्हणजे आपले चारशेच्या वर. भारतासाठी वेगळा भाव वगैरे काही नाही.
आणि या धंद्यावर खरी सत्ता कार्डवाल्यांची आहे. २०२० च्या डिसेंबरात व्हिसा आणि मास्टरकार्डनी पॉर्नहब या फुकट व्हिडिओवाल्या मोठ्या साईटवर आपली कार्डं बंद केली, तर त्यांनी खातरजमा न झालेल्या लोकांचे लाखो व्हिडिओ उडवले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्सनी जाहीर केलं की उघडंनागडं बंद, बँका ऐकत नाहीत म्हणून. सहा दिवसांत निर्णय मागे. ज्याच्यावर दुकान उभं तेच बंद करून कसं चालंल.

साताऱ्याची_सीए
संत्यादादा बरोबर आहेत पण ती फक्त खर्चाची बाजू झाली. भाव खर्चावर ठरत नाही. एकदा शूट केलं की दहाव्या माणसाला दाखवा नाहीतर दहा हजाराव्या, जास्तीचा खर्च जवळपास शून्य. त्यामुळे नुसत्या व्हिडिओचा भाव पडणारच होता आणि तो पडला, फुकटवाल्या साईट जाहिरातींवर जगतात. आता जे विकतात तो व्हिडिओ नाही, "माझ्याशी कोणीतरी बोलतंय" हे आहे, आणि त्याची झेरॉक्स निघत नाही.
आपल्याकडे बैठकीत दौलतजादा असते बघा. तिकीट किरकोळ, कमाई वरच्या नोटांवर. तिथंही तसंच, महिन्याची वर्गणी म्हणजे दारातून आत येण्याचे पैसे, पुढं मेसेजमध्ये कुलूप लावलेला फोटो, त्याचे वेगळे, टीप वेगळी. आता वर्गणीपेक्षा या वरच्या पैशांचा वाटा मोठा झालाय. त्यातले २० टक्के कंपनी कापते आणि ८० बाईला (किंवा बाप्याला) जातात.

घुंगरू_सांगली
ताई, लावणीवाल्या बायका कला करतात, वर्षं वर्षं रियाज करून पाय झिजवतात. ही तुलना काय पटली नाही.

साताऱ्याची_सीए
मान्य, कलेची तुलना नव्हती, गल्ला कसा जमतो तेवढंच म्हणायचं होतं. शब्द मागे घेते.
आणि लाइव्हवाल्या साईटवर तर पैसे दिसतच नाहीत, टोकन असतात. चॅटरबेट नावाच्या साईटवर १०० टोकन १०.९९ डॉलरला, आणि समोरच्या व्यक्तीला त्याचे मिळतात ५ डॉलर. निम्म्यापेक्षा जास्त मधेच गायब. मिरजेच्या उरुसात पाळण्याचं कूपन घेतल्यावर नोटेचा हिशोब डोक्यातून जातो, अगदी तसंच.

तासगाव_बेदाणा
थोडक्यात एक मोबाईल आणि रिंगलाईट घेतला की चालू. द्राक्षापेक्षा बरं, अवकाळीची भीती नाही.

साताऱ्याची_सीए
दादा बेदाणाच बरा. २०२३ च्या हिशोबात ओन्लीफॅन्सवर गिऱ्हाइकांनी साधारण ६६० कोटी डॉलर खर्च केले आणि माल विकणाऱ्यांची खाती होती ४१ लाख. कंपनीचा वाटा काढून भागाकार करा, खात्यामागं वर्षाला १३०० डॉलरपण येत नाहीत, महिन्याला ११० च्या आत. आणि ही सरासरी आहे, वरचे थोडे लोक मलई नेतात, खालच्या गर्दीला त्याच्या आसपासही नाही. सौद्यात एका लॉटला चढा भाव निघाला की पेपरात फोटो येतो आणि बाकी सगळ्यांचा माल कितीला गेला ते कोण छापत नाही, तसं आहे हे.

मिरजेचा_संत्या
आणि बेदाणाशेठ, आयटी कायद्याचं कलम ६७अ वाचा आधी. असलं काही ऑनलाइन टाकलं तर पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत आत आणि १० लाखांपर्यंत दंड. अवकाळी परवडली.

तासगाव_बेदाणा
राहू दे मग. फवारणीला जातो.

भडंग_खाणारा
संत्या, मग त्या स्टेटमेंटवर नाव काय येतं? साईटचंच?

मिरजेचा_संत्या
नाही, बहुतेक वेळा पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं किंवा काहीतरी साधंसरळ नाव येतं, कुणाला कळणार नाही असं. गंमत म्हणजे कधीकधी खुद्द गिऱ्हाइकालाच कळत नाही हे कशाचे पैसे, आणि तो खरोखरच तक्रार करतो 😀 लपवावं तरी चार्जबॅक, दाखवावं तरी चार्जबॅक.

कृष्णाकाठचा_बीकॉम
सगळ्यांना धन्यवाद, आता मालकाचं गणित कळलं. २०० डिपॉझिट म्हणजे संत्या म्हणतो ते बँकेनं अडकवलेले पैसेच की.
आणि नावाचं वाचून आठवलं, आमच्या वहीत पण तसल्या सीडीपुढं "भजन" लिहायचो, मालकाची सक्त ताकीद होती. एकदा एका गिऱ्हाइकाची आई उधारी भागवायला आली, चष्मा लावून वहीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमचं पोरगं एवढी भजनं ऐकतंय व्हय". सगळे पैसे रोख देऊन गेली, एक रुपया कमी करा म्हणाली नाही.