'डीकन्स्ट्रक्शन'ला मराठीत काय म्हणावं? (श्रद्धेच्या संदर्भात)

वसईकरीण : पॅरिशच्या तरुण मंडळात मला वीस मिनिटं बोलायचंय, तेही मराठीतून. अमेरिकेतली चर्चमध्ये वाढलेली मुलं हल्ली 'मी डीकन्स्ट्रक्ट करतोय' म्हणतात, ते प्रकरण काय, हा विषय. लहानपणी शिकवलेली एकेक गोष्ट (नरक, बायबलमधलं अक्षरन् अक्षर, पास्टरचा अधिकार) हातात घेऊन बघायची : ही खरंच श्रद्धेची की कुणी मागाहून चिकटवलेली? त्यातून कुणी चर्च सोडतं, कुणी वेगळ्या वाटेनं परत येतं. शब्द फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाचा, एवढं माहीत आहे. मराठीत कुठे विखंडन दिसतं, कुठे विरचना, कुठे विघटन. 'माझ्या श्रद्धेचं विघटन चालू आहे' म्हटलं तर आई ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे बघेल. काय वापरू?

कोशातला किडा : विखंडन नको. ऐकणाऱ्याला त्यात 'खंडन' ऐकू येतं, म्हणजे समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं. विरचना घ्या. लॅटिनमध्ये 'स्त्रुएरे' म्हणजे रचणं, 'देस्त्रुएरे' म्हणजे रचलेलं उतरवणं. वि + रचना. माप चपखल बसतं.

तिन्हीसांज : कागदावर बसतं, कानाला नाही. आमच्याकडे रोज दिवेलागणीला 'इति श्रीबुधकौशिकविरचितं श्रीरामरक्षास्तोत्रं संपूर्णम्' होतं. विरचित म्हणजे रचलेलं! बुधकौशिक ऋषींनी रामरक्षा मोडून ठेवली असा अर्थ लावायचा का? वियोगातला 'वि' वेगळा, विरचितातला वेगळा. समीक्षकांनी खुशाल वापरावा, पण मंडळातल्या पोरांना उलटाच अर्थ लागेल.

नगरकर : शब्द बाजूला ठेवून जरा त्याची वंशावळ सांगतो, वसईकरीणबाईंना भाषणात कामाला येईल. देरिदानं हा शब्द घडवला तो जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या 'डिस्ट्रुक्त्सिओन' (मोडणं) आणि 'आबाऊ' (रचलेलं उतरवणं) या दोन शब्दांसाठी. हायडेगरच्या 1927 च्या 'सत् आणि काल' या ग्रंथात सहावं कलमच सत्ताशास्त्राच्या (म्हणजे 'असणं' म्हणजे काय, या विचाराच्या) इतिहासाच्या 'डिस्ट्रुक्त्सिओन'वर आहे. हा गृहस्थ तरुणपणी कॅथलिक धर्मगुरू व्हायला निघालेला, पुढे 1919 पर्यंत कॅथलिक सिद्धांतव्यवस्थेपासून दूर गेलेला आणि त्याच काळात प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर बारकाईनं वाचणारा. ल्यूथरनं 1518 मध्ये हायडेलबर्गला जे प्रबंध मांडले, त्यांतल्या एकविसाव्याच्या स्पष्टीकरणात तो म्हणतो की क्रुसामुळे माणसाची कर्मं मोडीत निघतात. क्रियापद कोणतं? देस्त्रुएरे. आणि हेच क्रियापद लॅटिन बायबलमध्ये पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (1:28) आहे : जे आहे ते मोडीत काढायला देवानं जे नाही ते निवडलं.

म्हणजे पौल, ल्यूथर, हायडेगर, देरिदा अशी फिरून आलेली ही लेक. चर्चमधले लोक 'हे फ्रेंच नास्तिकांचं खूळ' म्हणून तिला दारातून हाकलतात तेव्हा मला हसू येतं. आपलीच मुलगी, सासरचं आडनाव लावून माहेरी आलेली.

कोशातला किडा : वंशावळ मान्य. पण देरिदाला ती 'मोडीत काढणं'वाली छटाच नको होती. 1983 साली त्यानं तोशिहिको इझुत्सु या जपानी विद्वानाला पत्र लिहिलं. विषय हाच : हा शब्द जपानीत कसा न्यावा! फ्रेंचमधला 'देस्त्रुक्सियों' फारच संहारक वाटला, म्हणून लित्रेच्या फ्रेंच कोशात तो दुसरा शब्द धुंडाळला, असं तो सांगतो. कोशातले दोन अर्थ बघा. एक, यंत्र दुसरीकडे न्यायचं म्हणून सुटं करणं. दुसरा व्याकरणाचा : पद्याचं वृत्त मोडून ते गद्यासारखं करणं.

तिन्हीसांज : अहो, हा तर अन्वय! शाळेत श्लोकाचा अन्वय लावायचो तो. शब्द तेच, फक्त वृत्ताची बांधणी सोडलेली.

कोशातला किडा : जवळपास. पण अन्वय लावला की अर्थ लागतो आणि पोरगं मोकळं होतं. देरिदाचा अर्थ लागून संपत नाही.

दोरा-सुई : मी ब्लाउज शिवते, तत्त्वज्ञान माझा प्रांत नाही. पण यंत्र सुटं करणं म्हणताय, तर 'उसवणं' का नाही? काखेत घट्ट झालेला ब्लाउज येतो. मी तो फाडत नाही. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका काढते, मग आत दिसतं : आधीच्या शिंप्यानं माया किती ठेवलीय, जोड कुठे दिलाय, कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं वेळ मारून नेलीय. बाहेरून ते कधीच दिसत नाही.

नगरकर : ताई, नमस्कार घ्या. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये देरिदा म्हणाला होता की कायदा उसवता येतो, न्याय उसवता येत नाही. जॉन कपुटोसारखे ख्रिस्ती विचारवंत तोच धागा देवाच्या नावाशी नेतात : मतं, नियम, संस्था हे टाके, त्या नावातून येणारी हाक मात्र उसवत नाही. तुमच्या भाषेत, शिवण निघते, कापड उरतं.

तिन्हीसांज : कापड आहे हे तुम्ही आधीच धरून चाललात. काहींना टाके काढल्यावर हातात नुसता दोरा सापडतो. त्यांचं काय?

नगरकर : खरं आहे. देरिदानंही 'मला नास्तिक समजतात ते बरोबरच आहे' असं लिहून ठेवलंय. 'मी नास्तिक आहे' असं नाही म्हणाला, पण मी त्याला ओढून चर्चमध्ये बसवणार नाही.

कोशातला किडा : 'उसवणं'चा खरा फायदा कापडात नाही, व्याकरणात आहे. त्याच पत्रात देरिदा म्हणतो की हे कुणी करत नाही, ते आपसूक होतं. मराठीत 'मी शिवण उसवली' आणि 'शिवण उसवली', क्रियापद एकच. कर्ता असला तरी चालतं, नसला तरी. विखंडन, विरचना दोघांनाही 'करणं' जोडावं लागतं. मी माझी विरचना मागे घेतो.

वसईकरीण : पोस्टरवर 'डीकन्स्ट्रक्शन'च ठेवलंय, फादर आधीच छापून बसले होते. बोलताना 'उसवणं'. काल घरी आईला वाक्य म्हणून दाखवलं : 'मम्मी, माझी श्रद्धा थोडी उसवलीय.' तिनं विचारलं, 'तू उसवलीस, का आपोआप?'

दोरा-सुई : मग काय सांगितलंत?

वसईकरीण : अजून काहीच नाही. भाषण रविवारी आहे.