शलमोनाचं ‘आरमार’ की नुसती जहाजं?

वसईवाला: संडे स्कूलसाठी एक इंग्रजी धडा मराठीत करतोय. बायबलातल्या ‘१ राजे’ या पुस्तकात, ९:२६ मध्ये, शलमोन राजा एदोम देशात, तांबड्या समुद्राकाठी, एस्योन-गेबेर इथे ‘नेव्ही’ बांधतो. मी ‘आरमार’ लिहिलं. वर्गात वाचलं, तर दहा वर्षांची पोर विचारते, “सर, मग लढाई कोणाशी झाली?” लढाई नाहीच. जहाजं ओफीर नावाच्या ठिकाणी जातात आणि ४२० किक्कार (किक्कार हे जुनं वजनाचं माप) सोनं आणतात, बस. काय लिहू?

जुनी पाटी: ‘आरमार’ काढाच. पोर्तुगिजांच्या ‘आर्मादा’वरून आलेला शब्द, म्हणजे मुळातच शस्त्रसज्ज. आपल्या डोळ्यांसमोर मायनाक भंडारी, कान्होजी आंग्रे येतात. गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, आली की तोफ आलीच. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘नेव्ही’ म्हणजे जहाजांचा समूह, इतकंच. मूळ हिब्रू शब्द ‘ओनी’. ‘ओनिया’ म्हणजे एक जहाज, योना संदेष्टा ज्यातून तार्शीशला पळाला ती ओनियाच. अनेक मिळून ‘ओनी’. त्यात तोफाही नाहीत नि तलवारीही.

शब्दवेडी: मग ‘नौदल’ लिहा. आपला शब्द असताना पोर्तुगीज कशाला?

जुनी पाटी: ताई, ‘दल’ म्हटलं की गणवेश आला. सोर नगरीच्या हिराम राजाने पाठवलेले ते दर्यावर्दी खलाशी होते.

खलाशाची आई: माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. लग्न ठरताना मुलीच्या आजोबांनी विचारलं, “युद्ध लागलं तर याला जावं लागेल का हो?” तो तेलाच्या टँकरवर सेकंड इंजिनिअर! समजावता समजावता चहा गार झाला. बघा, ‘नेव्ही’चा तो जुना अर्थ आपल्या घराघरात आहे, मराठी शब्द मात्र नाही. ‘व्यापारी नौदल’ छापून येतं, बोलताना कोणी म्हणत नाही.

वसईवाला: ‘ताफा’ कसा वाटतो?

शब्दवेडी: ताफा म्हणजे मंत्र्यांच्या गाड्या. आणि तोही अरबीतूनच आलेला.

जुनी पाटी: ‘जहाज’ तरी कुठून आलं? तेही अरबीच. असं गाळत बसलो तर शलमोनाला पोहतच जावं लागेल. शब्द कुठून आला यापेक्षा ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं ते बघा.

सागरवेळ: आमचा आजा नारळी पुनवेनंतर किनाऱ्यावर उभा राहून म्हणायचा, “तारवं निघाली.” दहा असोत की पन्नास. ‘राजाने तारवं बांधली’ म्हटलं की झालं. समूहाला वेगळा शब्द हवाच कशाला?

जुनी पाटी: दादा, हे पटतंय. २ इतिहास ९:२१ मध्ये त्याच सफरींची गोष्ट आहे आणि तिथे हिब्रूत साधं अनेकवचन आहे. इंग्रजीतही तिथे ‘नेव्ही’ नाही, ‘जहाजं’च. फक्त १ राजे १०:२२ ला मन अडतं. तार्शीशची नि हिरामाची जहाजं जोडीने तीन वर्षांतून एकदा यायची. सोनं, रुपं, हस्तिदंत, वानरं, मोर घेऊन. ते एकत्र निघणं ‘जहाजं’ शब्दात दिसत नाही.

शब्दवेडी: मोर! हिब्रूत ‘तुक्की’ ना? तमिळ ‘तोकै’शी नातं सांगतात. आणि जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचं ‘सोफीर’ आहे. मग ते आपलं जुनं सोपारा बंदर का नसेल?

वसईवाला: सोपारा माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. बुरूड राजाच्या कोटावर, म्हणजे भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरलेल्या स्तूपावर, लहानपणी खेळलोय. अशोकाचे लेखही तिथले. पण शलमोन अशोकाच्या कितीतरी शतकं आधीचा, आणि सोपाऱ्यात सोन्याची खाण कुठाय?

खलाशाची आई: बंदराला खाण कशाला लागते? माल मागून येतो, बंदरात फक्त चढतो.

जुनी पाटी: नुसत्या नावावर जाऊ नका. अरबस्तान, आफ्रिकेचा किनारा, ओफीरसाठी दावेदार पुष्कळ आहेत.

वसईवाला: रविवार परवावर आलाय. ‘जहाजं’ लिहू की ‘तारवं’? मुलांनी ‘तारू’ नोहाच्या गोष्टीतच ऐकलंय, पुन्हा घोळ.

सागरवेळ: मग ‘तांडा’ घ्या. आमच्यात नाव हाकणारा तो तांडेल.

शब्दवेडी: तांडा लमाणांचा, बैलांचा. तांडेलचा त्याच्याशी काय संबंध?

सागरवेळ: आजा तर म्हणायचा, तांडा आधी पाण्यावर होता.